चौदा नंबरचा ट्रे

कृषी महाविद्यालयात त्यांना सगळे घंटीकाका म्हणत. हजेरीपटावर त्यांचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण ते कार्यालयातल्या कारकुनाखेरीज कुणाला सांगता आलं नसतं. प्राचार्यसुद्धा "जरा घंटीकाकांना बोलवा" असंच म्हणायचे.

काका तणशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर होते. वर्षातून एकदा त्या विभागात स्पॉटिंगची परीक्षा व्हायची. लांबलचक टेबलांवर पंचवीस पांढरे ट्रे मांडायचे, प्रत्येकात एक तण आणि शेजारी नंबराची चिठ्ठी. विद्यार्थ्यानं ट्रेसमोर उभं राहून त्या तणाचं नाव लिहायचं, आणि ते कशावरून ओळखलं तेही एका ओळीत लिहायचं. त्यासाठी एक मिनिट. मिनिट झालं की घंटी वाजायची आणि सगळ्यांनी एकेक पाऊल पुढच्या ट्रेकडे सरकायचं. मागच्या ट्रेकडे परत जायचं नाही. ती घंटी एकतीस वर्षं काका वाजवत होते, आणि त्यांचं मिनिट साठ सेकंदांचंच असायचं. कुणाच्या रडवेल्या तोंडाकडे बघून ते एकसष्टाचं झालं नाही, की साहेबांना चहाची घाई आहे म्हणून एकोणसाठाचं झालं नाही.

घंटी ही कामाची शेवटची पायरी. मुख्य काम त्याच्या आधीचं, म्हणजे ती तणं शोधून आणण्याचं. परीक्षेच्या दिवशी उजाडायच्या आत काका ओल्या गोणपाटाची पिशवी खांद्याला लावून निघायचे. शेताचे बांध, कालव्याचा काठ, गोदामामागची पडीक जागा, रस्त्याकडेचे खड्डे, जिथे म्हणून कुणी काही पेरलेलं नाही तिथे काकांचा मळा. दोन तासांत पिशवी भरून परत. मुळासकट, फुलासकट, पान न दुमडता.

हे ज्ञान त्यांना आलं कुठून, त्याची गोष्ट कॉलेजात फार प्रसिद्ध होती. एकोणिसाव्या वर्षी, सातवी पास एवढ्या शिदोरीवर, ते रोजंदारीचे माळी म्हणून लागले. पहिल्याच दिवशी, आपलं काम उठून दिसावं म्हणून, त्यांनी विभागामागचा एक अख्खा वाफा खुरपून लखलखीत केला. बाहेर येऊन घाम पुसताहेत तोच विभागाचे तेव्हाचे प्रमुख आले. त्यांना मोठे सर म्हणत. मोठे सर वाफ्याकडे बघून मटकन पायरीवरच बसले. त्या वाफ्यात तणांचाच प्रयोग चालू होता.

"नोकरी गेली," असं काकांनी मनाशी धरलं. पण मोठे सर ओरडले नाहीत. उपटलेल्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "आता यात वेगळी वेगळी झाडं किती आहेत तेवढं सांग आणि मग घरी जा."

काकांनी दुपारपर्यंत ढीग चाळला आणि अकरा गट केले.

"चौदा आहेत," मोठे सर म्हणाले, "पण पहिल्या दिवसाला अकरा म्हणजे वाईट नाही. उद्या ये."

उरलेल्या त्या तीन तणांच्या मागे काका जे लागले ते लागलेच. लॅटिन नावं त्यांनी कानांनी उचलली, देवनागरीत वहीत उतरवली आणि स्वतःच्या चालीत म्हणायला घेतली. नवे प्राध्यापक सुरुवातीला त्यांच्या उच्चारांना हसायचे. दोनेक महिन्यांनी तेच प्राध्यापक एखादं झुडूप पाठीमागे लपवून आणायचे आणि हळूच विचारायचे, "काका, हे काय हो?" एकदा एका परीक्षकानं त्यांची परीक्षा घ्यायची म्हणून नुसती वाळकी काडी पुढे केली. पान नाही, फूल नाही. काकांनी ती मोडली, नाकाशी नेली, आणि नाव सांगून पुन्हा ट्रे पुसायला लागले.

"काकांनी आणलं म्हणजे तेच," असा विभागाचा शिरस्ताच पडला. ट्रेमधलं तण कुणी तपासून बघत नसे. काका नाव सांगत, ते उत्तराच्या यादीत चढे. आपली ही पत काकांना ठाऊक होती. तिचा ते देखावा करत नसत, पण कुणी तिच्याविषयी बोललं तर थांबवतही नसत.

काकांना एकुलती एक मुलगी. ती याच कॉलेजात शिकायला आली. प्रवेशयादीत तिचं नाव लागलं त्या दिवशी काका सूचनाफलकासमोरून चार वेळा गेले, दर वेळी हातात काहीतरी काम घेऊन. मुलगी शांत, जरा हट्टी, आणि कुठलीही वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघायची सवय असलेली. लहानपणी घड्याळ बघायला दिलं तर वेळेआधी त्याच्या मागचे स्क्रू मोजायची.

तिसऱ्या वर्षी तिचा तणशास्त्राचा पेपर आला, आणि गावात पाहुणा यावा तशी कुजबूजही आली. स्पॉटिंगला तणं आणणार बाप, परीक्षा देणार मुलगी. "हिचा पेपर घरीच फुटणार," असं मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं. "जेवताना ताटातच ट्रे वाढत असतील," असं दुसऱ्यानं जोडलं. मुलीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. काकांच्या कानावर मात्र ते कॅन्टीनमधून आलं आणि त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

ते तडक विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, यंदा मला त्या कामातून सोडवा."

मॅडमनी चष्मा काढला. "आणि आणणार कोण? मी? मला गाजरगवत आणि गाजर यातला फरक कळतो काका, त्यापुढे तुम्हीच."

"लोक बोलतात मॅडम."

"बोलू द्या."

"माझं सोडा. तिला चांगले मार्क पडले तरी लोक म्हणणार बापानं दिले. मग पोरीनं अभ्यास तरी कशाला करायचा?"

मॅडमनी चष्मा परत लावला. मग त्यांनी तोड काढली. काकांनी पंचवीसऐवजी चाळीस तणं आणायची. त्यातली कुठली ठेवायची आणि कुठल्या नंबरवर, ते बाहेरून येणारे परीक्षक ऐनवेळी ठरवतील. काकांना ते पटलं, पण समाधान झालं नाही. चाळीस काय नि पंचवीस काय, माहीत तर त्यांना असणारच होतं.

घरी आल्यावर त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. झाडपाल्याचं नावसुद्धा काढायचं नाही. मुलगी अंगणातून आत आली की ते खिडकीबाहेर बघत, आणि खिडकीबाहेर काही उगवलेलं दिसलं की भिंतीकडे बघत. पिशवी धुऊन ते कॉलेजातच वाळत घालत, एखादं पान चिकटून घरी यायला नको म्हणून. चपलांना लागलेला चिखल ते दाराबाहेर काडीनं खरवडत, कारण कालव्याची माती काळी आणि गोदामामागची तांबडी, आणि पोरीच्या नजरेचा काही भरवसा नव्हता.

त्यांच्या बायकोला हे सगळं अतीच वाटत होतं. ती शाळेत शिवणकाम शिकवायची आणि मोजून बोलायची. एके दिवशी तिनं मोजणं सोडलं.

"अहो, पोरीशी बोला तरी! हवापाणी बोला. तुमच्या या गप्प बसण्यानं तिलाच काहीतरी चोरी केल्यासारखं वाटतंय."

"बोलायला गेलो तर तोंडातून तणच बाहेर येतं. दुसरं काय येतं मला?"

तेवढ्यात मुलगी आतून बाहेर आली. तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

"बाबा, परीक्षेपर्यंत मी मावशीकडे राहते. तिकडे खोलीही रिकामी आहे. म्हणजे तुम्हाला घरात मोकळेपणी वावरता येईल."

"तुला मी जा म्हटलं का?"

"नाही. पण तुम्ही काल तासभर भिंतीकडे बघत बसला होतात. ती भिंत मला पाठ झाली."

बायकोला हसू आलं. काकांना नाही आलं. ते मुलीला मावशीच्या घरापर्यंत सोडायला गेले, आणि वाटेत दोघं फक्त रहदारीविषयी बोलले. परत येताना मात्र काकांची मान ताठ होती. मुलीनं आपल्याला एका शब्दानंही काही विचारलं नाही, सुचवलंसुद्धा नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

परीक्षेच्या दिवशी काकांनी चाळीस तणं आणली. त्यात म्हातारा होता. पिवळ्या फुलाचं हे अगदी साधं तण. हातभर ते कमरेएवढं वाढतं, देठ मोडला की पांढरं दूध येतं, आणि फूल पिकलं की डोक्यावर पांढऱ्या केसांचा पुंजका येतो, म्हणून म्हातारा. बांधावर, कुंपणाखाली, कचऱ्याच्या ढिगावर, कुठेही उगवतं. पुस्तकात त्याचं नाव सोंकस ओलरेशियस. ते दर वर्षी स्पॉटिंगला असायचंच. विद्यार्थी त्याला 'फुकटचा मार्क' म्हणायचे.

बाहेरचे परीक्षक वयस्कर होते. अंगात साधा सदरा, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं छोटं भिंग, बोलणं बेताचं. त्यांनी चाळीसांतून पंचवीस वेचली. काकांनी नावं सांगितली, मॅडमनी उत्तराची यादी लिहिली. म्हातारा चौदा नंबरच्या ट्रेमध्ये गेला.

मुलं दोन तुकड्यांत आली. काकांची मुलगी दुसऱ्या तुकडीत होती. काका कोपऱ्यातल्या टेबलाशी घंटी आणि घड्याळ घेऊन बसले होते. तिच्याकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि बराच वेळ पाळलंही. तेराव्या घंटीनंतर मात्र नजर गेलीच. ती चौदाच्या ट्रेसमोर होती. बाकीची मुलं त्या ट्रेपाशी आली की दहा सेकंदांत लिहून मोकळी होत आणि पंख्याकडे बघत उभी राहत. ती वाकली होती. तिनं पानाच्या बुडाशी बोट घातलं, पान उलटं केलं, परत सुलटं केलं. वीस सेकंद गेली. तीस. तिनं अजून पेन कागदाला लावलेलं नव्हतं.

काका मनातल्या मनात ओरडले. अगं, फुकटचा मार्क आहे तो, लिही ना! पन्नास सेकंदांना तिनं लिहायला सुरुवात केली. साठावा ठोका आला तेव्हा तिची ओळ पुरी व्हायची होती. काकांचा हात घंटीवर होता. श्वासभर तो थांबला असता तर त्या खोलीत कुणालाही कळलं नसतं.

त्यांनी घंटी वाजवली. ती उरलेला शब्द चालता चालता घाईनं खरडून पुढे सरकली.

संध्याकाळी मुलं गेली. परीक्षक आणि मॅडम प्रयोगशाळेतच पेपर तपासत बसले, आणि काका ट्रे आवरायला लागले. त्यांनी पहिले तीन ट्रे धुतले असतील, तेवढ्यात परीक्षक म्हणाले, "ट्रे राहू द्या हो जरा." मग मॅडमना म्हणाले, "बेचाळीस पेपर आहेत. चौदा नंबरला एकेचाळीस जणांनी सोंकस ओलरेशियस लिहिलंय. एकानंच सोंकस ॲस्पर लिहिलंय."

"म्हणजे एक चुकलं," मॅडम म्हणाल्या.

"असेल. पण यानं कारण काय लिहिलंय ते ऐका. 'पानाच्या बुडाशी खोडाला वेढणारे कान गोल आणि वळलेले. टोकदार नाहीत.' बाकीच्यांनी काय लिहिलंय? पिवळं फूल, पांढरं दूध. ते तर दोन्हींत सारखंच असतं." त्यांनी काकांकडे बघितलं. "हे तण तुम्ही आणलंत ना?"

"हो साहेब. पंपघराच्या मागून."

"काय आहे ते?"

"ओलरेशियस. साधा म्हातारा. एकतीस वर्षं आणतोय."

"खात्रीनं?"

काकांना या नोकरीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते जवळ आले तेव्हा परीक्षकांच्या हातातला कागद त्यांना दिसला. वर फक्त बैठक क्रमांक होता, पण ते अक्षर त्यांनी पाटीवरच्या पहिल्या रेघोटीपासून पाहिलेलं होतं. ओळीतला शेवटचा शब्द घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेला होता.

काकांच्या कानशिलांवर रक्त चढलं. इतकी साधी गोष्ट चुकली पोरगी! आणि वर कारण देऊन चुकली. पण त्यांनी आवाजात काही येऊ दिलं नाही.

"खात्रीनं साहेब. ज्यानं कुणी वेगळं लिहिलंय त्यानं जास्त डोकं लावलंय. मार्क कापा."

मॅडमनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. अक्षर त्यांनीही ओळखलं असावं.

परीक्षक उठले. त्यांनी चौदा नंबरचा ट्रे उजेडाखाली आणला, गळ्यातला दोरा काढला आणि भिंग काकांच्या हातात दिलं. "मला सांगू नका. तुम्ही बघा."

काकांनी भिंग डोळ्याला लावलं, तेही जरा नाराजीनंच. मोठ्या सरांनी शिकवलेलं होतं, म्हाताऱ्याचं पान खोडाला मिठी मारतं आणि त्याचे दोन कान मागे येतात, ससा कान टवकारतो तसे टोकदार. ते काकांना पाठ होतं. पण पाठ असलेली गोष्ट माणूस बघायला जात नाही. चालीवरून ओळखीचा माणूस ओळखावा तसं ते लांबूनच पिवळं फूल बघून म्हाताऱ्याला ओळखत आणि उपटून पिशवीत टाकत.

भिंगाखाली कान होते. गोल. शंखासारखे आत वळलेले, कडेला बारीक काटे असलेले. काकांनी दुसरं पान पाहिलं. तिसरं पाहिलं. मग एक पिकलेलं फूल फोडून त्यांनी त्यातलं बी तळहातावर घेतलं. ओलरेशियसच्या बीवर आडव्या सुरकुत्या असतात. या बीच्या उभ्या रेघांमधला भाग गुळगुळीत होता.

काकांनी भिंग खाली ठेवलं. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले, खरेखुरे, शाळेतल्या मुलासारखे.

"ॲस्पर आहे साहेब," ते म्हणाले. "काटेरी जात. मी चुकलो. ती बरोबर आहे."

"ती? कोण ही?" परीक्षकांनी विचारलं.

काकांचे हात अजून कानांवरच होते. मॅडमनीच सांगितलं, "त्यांची मुलगी आहे."

परीक्षक खुर्चीत मागे टेकून मोठ्यानं हसले. सबंध दिवसात ते पहिल्यांदाच हसत होते. "मॅडम, सकाळी तुमच्या पोर्चमध्ये उभा होतो तेव्हा दोन मुलं बोलताना ऐकलं मी, कुणाचा तरी पेपर घरून फुटणार म्हणून. त्या दोघांना बोलवून आणा उद्या. घरून फुटला असता तर हिनंही ओलरेशियसच लिहिलं असतं! बापानं काय आणलंय ते बापालाच ठाऊक नव्हतं, तर सांगणार कुठून?"

मग ते काकांकडे वळले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आणि तुम्ही मला तिचे मार्क कापायला सांगत होता."

"हो साहेब."

"माहीत असून. तिचं अक्षर ओळखून."

"हो साहेब."

परीक्षकांनी भिंगाचा दोरा परत गळ्यात घातला. एकेचाळीस जणांना काय करायचं यावर मग मॅडमशी चर्चा झाली. सोंकस एवढं बरोबर आहे, शिकवलंय तेच त्यांनी लिहिलंय, म्हणून अर्धा गुण. एकीला पुरा.

काका घरी न जाता सरळ मावशीच्या घरी गेले. मुलगी मागच्या दारात केस पुसत बसली होती. काकांनी इकडे तिकडे न करता विचारलं, "कान कधी बघितलेस तू?"

ती सावध झाली. "आता बोलायचं का त्याबद्दल?"

"पेपर तपासून झाला. बोल."

तिनं परसाकडे बोट दाखवलं. सांडपाण्याच्या कडेला पिवळ्या फुलांची दहा-बारा झाडं उभी होती. "इथे दोन्ही उगवतात बाबा. मीही आधी तुमच्यासारखंच लांबून ओळखत होते. मग मावशीनं साफ करायला सांगितलं तेव्हा उपटताना काहींची पानं हाताला टोचली आणि काहींची नाही. म्हणून बसून बघितलं. कान वेगळे, बी वेगळं, आणि टोचणाऱ्याची पानं चकचकीत. मग मला आठवलं, तुम्ही विभागात आणता ते नेहमी चकचकीत पानांचं असतं." तिनं पंचा बाजूला ठेवला. "तुम्हाला सांगायला धावत येणार होते. पण ते पेपरविषयी बोलल्यासारखं झालं असतं."

"म्हणून गप्प बसलीस?"

"तुम्ही बसलात म्हणून मीही बसले."

काका जोत्यावर तिच्याशेजारी बसले. बरंच काही बोलायचं होतं, पण तोंडातून आलं ते एवढंच, "सहा नंबरचं गवत मात्र चुकलीस. ते आपल्या दाराशी उगवतं! रोज त्यावर पाय देऊन जातेस."

"म्हणूनच दिसलं नसेल," मुलगी म्हणाली, आणि मग दोघंही जे हसत सुटले ते मावशी बाहेर येऊन बघेपर्यंत.

पण त्या रात्री काका अंथरुणावर पडले आणि त्यांच्या मनात हिशेब सुरू झाला तो वेगळाच. जुना म्हातारा ते वसतिगृहाच्या जागेवरून आणायचे. वसतिगृह बांधलं तेव्हा ती जागा गेली आणि त्यांनी पंपघरामागची जागा धरली. त्याला अकरा वर्षं झाली होती. म्हणजे अकरा वर्षं यादीत एक नाव आणि ट्रेमध्ये दुसरंच तण. या अकरा वर्षांत आणखी कुणी बरोबर लिहून मार्क घालवला असेल का?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना विचारून जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे काढले. आठ दिवस मधल्या सुट्टीत ते धूळ खात बसले. एकच सापडली. सहा वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थिनीची, म्हाताऱ्याच्या नंबरापुढे 'ॲस्पर' लिहिलेली, त्यावर लाल फुली. बैठक क्रमांकावरून मॅडमनी नाव काढून दिलं आणि काकांना ती आठवली. जाड चष्म्याची मुलगी, जिन्यात डोळे पुसत उभी होती, आणि काकांनी जाता जाता तिला म्हटलं होतं, "बाळा, नीट बघत जा."

ते वाक्य आठवून काकांना घरी बसवेना. त्यांनी मॅडमकडून तिचा पत्ता मिळवला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका विद्यार्थिनीला पत्र लिहिलं. आठ-दहा ओळीच. तू नीट बघितलं होतंस, मी बघितलं नव्हतं, जिन्यात बोललो ते परत घेतो, असं. पत्रासोबत गोल कानांचं एक पान दाबून वाळवून जोडलं.

तिचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. ती आता बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत होती. तिनं लिहिलं होतं, की त्या फुलीनंतर दोन वर्षं तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता. प्रत्येक बी ती दहादा तपासायची. त्याच सवयीनं पुढे तिला नोकरी मिळाली. आणि शेवटी होतं, "काका, पान मी माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलंय. तुमच्या मुलीला सांगा, आता आम्ही दोघी आहोत."

काकांनी ते पत्र बायकोला वाचून दाखवलं, मग मुलीला वाचून दाखवलं, मग बायकोला परत.

विभागातल्या कपाटात वाळवलेल्या तणांचे कागद होते. त्यात म्हाताऱ्याचे अकरा कागद चुकीच्या नावाचे निघाले. मॅडम म्हणाल्या, "काढून टाकू या, कुणाला कळायचं नाही."

"नको मॅडम," काका म्हणाले. "चूक राहू दे. नावावर रेघ मारून खाली बरोबर नाव लिहू. कुणी ओळखलं तेही लिहायचं असतं ना?"

लिहायचं असतं. प्रत्येक चिठ्ठीवर खाली दोन ओळी असतात, गोळा कुणी केलं आणि ओळखलं कुणी. अकराही कागदांवर आता पहिल्या ओळीत काकांचं नाव आहे आणि दुसऱ्या ओळीत त्यांच्या मुलीचं. तिच्या ओळी काकांनी स्वतः लिहिल्या. एकेक अक्षर कोरून, जीभ दातांत धरून.

त्यानंतरचे दोन-तीन महिने कॉलेजात काकांना चुकवणं अवघड होतं. दारावरचा पहारेकरी, कॅन्टीनवाला, टपाल घेऊन येणारा माणूस, विभागात पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन, कुणीही सुटला नाही. स्वतःची चूक इतक्या थाटात सांगणारा माणूस त्या आवारात कुणी बघितला नव्हता.

"अकरा वर्षं!" काका बोटं नाचवत सांगायचे. "अकरा वर्षं चुकत होतो मी. एक ना दोन, किती प्राध्यापक आले, परीक्षक आले, भल्याभल्यांनी तो ट्रे बघितला. कुणाला कळलं? कुणाला नाही. आणि कळलं कुणाला?"

इथे ते थांबायचे आणि समोरच्यानं विचारायची वाट बघायचे. वायरमननं विचारलं नाही, तो शिडीवर होता आणि त्याच्या तोंडात स्क्रू होता. काकांनी शिडी धरून ठेवली, त्यानं स्क्रू बसवेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "आता विचार."